बोका मिळेना, फॉर्म संपेना

प्राण्यांच्या शेल्टरवाल्यांनो, एकदाचं काय ते ठरवा. एक तर "पिंजरे भरून गेलेत, कोणीतरी पुढे या हो" हे रोजचं रडगाणं बंद करा, नाहीतर पुढे आलेल्या माणसाला निदान दारातून आत तरी घ्या. डोक्यात तिडीक गेलीय माझ्या, आणि आज मी गप्प बसणार नाहीये.

आमचा गुन्हा एवढाच की आम्ही नुकतंच घर बदललंय. आधीच्या भाड्याच्या घरात मालकाची सक्त ताकीद होती, प्राणी चालणार नाही. तेव्हा शेल्टरकडे मांजर मागितलं तर उत्तर मिळालं, "स्वतःचं घर झालं की या." पटलं आम्हाला. मालकाने उद्या हाकललं तर मुक्या जिवाने जायचं कुठे? आम्ही थांबलो. आता स्वतःचं घर झालं, तर तेच लोक म्हणतात, "घर अगदीच नवीन आहे हो, आधी जरा स्थिरस्थावर व्हा, मग बघू." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

स्थिरस्थावर म्हणजे नक्की कधी, हे मात्र कोणी सांगेल तर शपथ. पडदे लागले की? शेजाऱ्यांशी पहिलं भांडण झालं की?

वर पुन्हा तीन-तीन-तीनचा नियम ऐकवतात. आणलेलं जनावर पहिले तीन दिवस भेदरलेलं असतं, तीन आठवड्यांत घरातल्या वेळा त्याच्या अंगवळणी पडतात, तीन महिन्यांत ते घर आपलं मानतं. ढोबळ हिशेब आहे, पण ठीक आहे. मात्र तो हिशेब जनावराचा आहे, माझा नाही. तीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्या माणसाकडे बोका गेला तरी बोक्याला ते घर नवंच असणार ना? त्याला आमच्या खरेदीखताची तारीख वाचता येते का? मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं, वास बदलला की बिथरतं, म्हणून घर बदलायच्या तोंडावर कोणी मांजर मागितलं तर जरूर नाही म्हणा. आमची हलवाहलव होऊन गेलीय. पुढे कुठेही जायचं नाहीये. म्हणजे मांजर आणायची हीच वेळ. एवढी साधी गोष्ट यांच्या टाळक्यात शिरत नाही.

आता फॉर्म. नोकरीसाठी भरला नव्हता एवढा लांबलचक फॉर्म. "आधीच्या प्राण्याच्या व्हेटचं नाव आणि फोन." अहो, आधीचा प्राणीच नव्हता तर त्याचा व्हेट कुठून आणू? रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही. "जवळपास राहणाऱ्या, तुम्हाला अनेक वर्षं ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं." नव्या ठिकाणी आलेल्या माणसाला जवळपास अनेक वर्षांची ओळख! समोरच्या दारातल्या काकूंना माझं नावसुद्धा नीट माहीत नाही अजून. "मूल झाल्यास प्राण्याचं काय कराल?" "घटस्फोट झाल्यास प्राणी कोणाकडे राहील?" हे वाचून नवऱ्याने लिहायला सांगितलं, बोका हिच्याकडे, मी बाहेर. मी अक्षरशः तसंच लिहिलं. फॉर्म कोणी वाचलाच नसावा, नाहीतर त्यावर तरी फोन आला असता.

होम चेक, म्हणजे मांजर देण्याआधीची घराची तपासणी, तर कहर होता. व्हिडिओ कॉलवर एक बाई, मी फोन हातात धरून खोल्या दाखवतेय. हॉलच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी होती, पुस्तकांची, अजून न उघडलेली. बाईंचा चेहरा पडला. "अजून सामान लागलेलं दिसत नाही. अशा वातावरणात मांजराला ताण येईल."

खोक्यांचा! मांजराला! ताण!

नेदरलँड्समधल्या शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरांवर उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला होता, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना नाही दिलं. ज्यांना खोकं मिळालं ती लवकर निवळली, फरक तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसायला लागला. म्हणजे आमच्या हॉलमध्ये मांजराच्या मनःशांतीचा साठा रचून ठेवलाय आणि तुम्ही त्याचेच मार्क कापताय. हे मी त्या बाईंना सांगितलं. त्यांनी "हं" म्हटलं आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते निकालातच कळलं.

छोटी खोली मात्र त्यांना नीट बघायचीच नव्हती. ती खोली आम्ही सगळ्यात आधी लावली, आमच्या पलंगाच्याही आधी. नवं मांजर एकदम सगळ्या घरात सोडायचं नसतं, आधी एका खोलीत ठेवायचं, मग हळूहळू बाकीचं घर. दोन मांजरं आणायची म्हणून लिटरचे, म्हणजे शी-शूचे, ट्रे तीन, कारण मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त असावा लागतो. खाण्यापिण्याची भांडी ट्रेपासून लांब, समोरच्या भिंतीला. उंचावर बसायला फळी. नखं घासायला दोरी गुंडाळलेला खांब, तो नवऱ्याने स्वतः गुंडाळलाय, दोनदा उसवून, कारण पहिल्यांदा वेढे सैल बसले होते. घर घेतलं म्हणून कोणीतरी प्रेमाने लिलीचा गुच्छ आणला, तर तो मी पाहुणे जिन्यात असतानाच घराबाहेर काढला. लिलीचे नुसते परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. त्या पाहुण्यांनी ते पाहिलं आणि आता ते आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. घरात नसलेल्या मांजरासाठी मी माणसं तोडतेय, आणि यांच्या मते आमची तयारी अपुरी!

एक प्रश्न मात्र त्यांनी रास्त विचारला. खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आहे का. हा विचारायलाच हवा. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर पडतं आणि त्याला काही होत नाही, हा समज घेऊन माणसं वरच्या मजल्यांवर उघड्या खिडक्या ठेवून राहतात. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांच्या नोंदींवरचा 1987 चा अभ्यास यासाठी लोक हटकून सांगतात, की बघा, उपचार झालेल्यांपैकी साधारण 90 टक्के वाचली. अहो, पण ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. जी जागीच गेली ती त्या यादीत आलीच नाहीत. आणि वाचलेल्यांचेही जबडे मोडले होते, छातीला मार होता. म्हणून आम्ही पूर्ण उंचीची जाळी मारून घेतली, हाताने ओढून तपासली, वरून तिरकी उघडणारी एक खिडकी कायमची बंद केली, कारण त्या फटीत मांजर मानेने नाहीतर कमरेने अडकून मरतं. बाईंना जाळी दाखवली, ओढून दाखवली. "छान," म्हणाल्या. मार्क खोक्यांचे कापले ते कापलेच.

आता खरी आग जिथे लागली ते सांगते.

आम्हाला पिल्लू नको होतं. पिल्लांसाठी रांग असते, ती कशीही जातात. आम्ही मागितली होती एक वयस्क जोडी, एक बोका आणि एक मांजरी, वर्षानुवर्षं एकत्र वाढलेली. एकमेकांशिवाय खात नाहीत, म्हणून दोघांना एकत्रच द्यायचं, असं खाली लिहिलेलं. बोक्याचा एक कान दुमडलेला, आणि प्रत्येक फोटोत मांजरीचा पंजा त्याच्या पाठीवर. बोका एफआयव्ही पॉझिटिव्ह, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू त्याच्या अंगात. म्हणजे कोणी नेत नाही असा सगळा माल एका पिंजऱ्यात: म्हातारे, जोडीने, त्यात आजारी. आम्ही म्हटलं, द्या.

उत्तर आलं, "एफआयव्हीच्या मांजराचा पूर्वानुभव असलेलं घर हवं."

कुठून आणायचा हा पूर्वानुभव? तुम्ही दिल्याशिवाय? हा विषाणू 1986 मध्ये सापडला, इतकी वर्षं त्याबद्दल लिहिलं-बोललं जातंय. माणसाला तो होत नाही. मांजरांत तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणजे मारामाऱ्या करणाऱ्या बाहेरच्या बोक्यांत. न भांडणाऱ्या, नसबंदी झालेल्या जोडीत धोका कमी. अशी मांजरं घरातल्या घरात ठेवली, तोंड-दात बघत राहिलं, आजारपण अंगावर काढलं नाही तर वर्षानुवर्षं नीट जगतात. मग अशा बोक्याला कसलं घर लागतं? जिथून तो बाहेर जाणार नाही आणि जिथे दुसरी अनोळखी मांजरं नाहीत. आमचं घर. तंतोतंत आमचं घर! पूर्वी प्राणी नव्हता हा ज्या फॉर्ममध्ये आमचा दोष ठरला, तीच या बोक्यासाठी सगळ्यात मोठी सोय होती.

हे सगळं मी सभ्य भाषेत लिहून पाठवलं. पुढे नुसती शांतता. फोन केला तर "कळवतो". मेसेज वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही. ताकास तूर लागू देत नाहीत. आणि मग एका रात्री त्याच जोडीचा फोटो पुन्हा वर आला, तोच दुमडलेला कान, तोच पंजा, आणि खाली रडणारे चेहरे: "यांना घर देणारं खरंच कोणी नाही का?"

मी फोन गादीवर आपटला. जमिनीवर आपटणार होते, पण तो नवऱ्याचा होता.

मला माहीत आहे, ही माणसं पगाराशिवाय राबतात. स्वतःची नोकरी सांभाळून रात्री पिंजरे धुतात. हौसेने नेलेलं जनावर आठवड्यात परत आणून टाकणारे महाभाग त्यांनी पाहिलेत, त्याहून वाईटही पाहिलंय. संशय त्यांना आपोआप आलेला नाही. पण तो संशय नीट वापरा ना! घरी या, आमच्या हाताखाली चार तास बोका ठेवून बघा, आधी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला द्या, महिन्याने येऊन तपासा, पटलं नाही तर घेऊन जा. मी दार लावून घेणार नाही. फॉर्मच्या रकान्यांत माणूस कसा कळणार? खोटारड्याला तर फॉर्म भरणं सगळ्यात सोपं. व्हेटच्या जागी मित्राचा नंबर टाकला की काम झालं. अडकतो तो खरं लिहिणारा.

आणि नाही म्हणायचंय तर म्हणा की. "तुम्हाला देणार नाही" हे लिहायला किती वेळ लागतो?

कुत्र्याचं तर विचारूच नका. चौकशी केली तर पहिला प्रश्न, अंगणाच्या कुंपणाची उंची किती. फ्लॅट आहे म्हटलं. म्हणे रकान्यात आकडा तर लिहावा लागेल.

इकडे नातेवाइकांचं सुरूच आहे, एवढी कटकट कशाला, ब्रीडरकडून विकत आणा. ब्रीडरला काहीच जाणून घ्यायचं नसतं. जाळी नाही, घटस्फोट नाही, खोकी नाहीत. पैसे कसे देणार, एवढंच. संध्याकाळपर्यंत पिल्लू घरात. मला ते करायचं नाहीये, कारण त्याच्या पिंजऱ्यातली आई पुन्हा दोन महिन्यांत व्यालेली असेल. पण माझ्यासारख्या किती जणांनी शेवटी कंटाळून तोच रस्ता धरला असेल, याचा हिशेब शेल्टरवाले कधी ठेवतात का? नसणारच. ती माणसं त्यांच्या लेखी "गंभीर नव्हती".

काल आणखी एका ठिकाणचा फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न, सध्याच्या पत्त्यावर किती वर्षं राहता. रकाना फक्त पूर्ण आकडा घेतो. शून्य टाकलं तर लाल अक्षरांत उमटतं, "कृपया योग्य माहिती भरा." हीच योग्य माहिती आहे, बाबांनो! अर्धा टाकून पाहिला, तोही घेत नाही. मदतीसाठी दिलेल्या पत्त्यावर मेल केला, तर यंत्राने उत्तर दिलं की जनावरांची संख्या फार वाढल्यामुळे उत्तराला उशीर होईल.