सरकारी ऑफिसला चांगली जागा का मिळत नाही

सरकारी संस्थांसाठी ऑफिसची जागा भाड्याने घ्यायचं काम मी मुंबईत बरीच वर्षं करतेय. महामंडळं, आयोग, मंडळं, केंद्राची काही कार्यालयं. त्यांच्या वतीने गरज लिहून काढायची, टेंडर तयार करायचं, जागा बघायच्या, मालकाशी बोलणी, करार, मग आतलं पार्टिशन, वायरिंग, सर्व्हर रूम, आणि शेवटी लोक खुर्चीवर बसेपर्यंत मागे लागायचं. या कामाबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, पण सरकारी ऑफिस म्हटलं की अंधारा जिना, बंद पडलेली लिफ्ट आणि बाहेर उभं राहायलाही जागा नाही हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं, आणि लोक म्हणतात सरकारकडे पैसा नाही किंवा इच्छा नाही. माझं मत वेगळं आहे आणि आज ते जरा सविस्तर लिहिते.

सरकारला चांगली जागा मिळत नाही कारण सरकार चांगला भाडेकरू नाही. एवढंच. पैसा कमी पडतो म्हणून नाही, बहुतेक वेळा सरकार बाजारभावाच्या जवळपासच भाडं देतं. पण ते उशिरा ठरवतं आणि उशिरा देतं, वर निघायचं कधी हे कोणालाच माहीत नसतं. ज्या मालकाकडे चांगली बिल्डिंग आहे त्याला बँक मिळते, आयटी कंपनी मिळते, विमा कंपनी मिळते, तो सरकारच्या टेंडरला कशाला उत्तर देईल? मग उत्तर येतं ते ज्याची जागा दुसरीकडे जात नाहीये त्याचं. आणि त्या आलेल्यांतून आपण सगळ्यात स्वस्त निवडतो.

प्रोसेस कशी चालते बघा. केंद्राचं ऑफिस असेल तर आधी संपदा निदेशालयाकडून, म्हणजे केंद्राच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याकडून, सरकारी इमारतीत जागा उपलब्ध नाही असं प्रमाणपत्र घ्यायचं. मग पेपरात जाहिरात, 'कार्यालयासाठी जागा भाड्याने पाहिजे'. दोन लिफाफे, तांत्रिक आणि आर्थिक. मग समिती जागा बघायला जाते. मग केंद्रीय लोकनिर्माण विभाग भाडं वाजवी आहे का ते तपासून प्रमाणपत्र देतो, राज्याच्या ऑफिसांसाठी हे काम आपलं सार्वजनिक बांधकाम खातं करतं. मग वित्त विभागाची मान्यता, मग कराराचा मसुदा, मग विधी विभाग. यातली एकही पायरी चुकीची नाहीये हं, जनतेचा पैसा आहे, तपासायलाच पाहिजे. पण या पायऱ्या एकामागून एक चालतात, एक फाइल परत आली की पुढचं सगळं थांबतं, आणि तोपर्यंत मालकाच्या ऑफरची मुदत संपते. मालक फोन करून विचारतो मॅडम काय झालं, आणि माझ्याकडे सांगायला काही नसतं कारण फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे सांगायची जबाबदारी नेमकी कोणाची हेच ठरलेलं नसतं.

त्यात मुंबईतल्या मालकांची भीती जुनी आहे. नव्या पिढीला माहीत नसेल, पण १९४८ च्या मुंबई जमीन अधिग्रहण कायद्याने सरकार खासगी जागा, फ्लॅट ताब्यात घेऊन आपल्या कर्मचाऱ्यांना आणि इतरांना देत असे. तात्पुरतं म्हणून घेतलेलं दशकानुदशकं सुटायचं नाही. १९८४ मध्ये एच. डी. व्होरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की अधिग्रहण हे तात्पुरतंच असतं, ते असं अनंत काळ चालू ठेवता येणार नाही. तो फ्लॅट तोपर्यंत तीसेक वर्षं अडकलेला होता. १९९४ मध्ये ग्राहक संस्था मंच प्रकरणात घटनापीठाने तेच उचलून धरलं. पुढे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला, त्यात बँका, सार्वजनिक उपक्रम, मोठ्या भागभांडवलाच्या कंपन्या अशा भाडेकरूंना संरक्षणातून वगळलं, पण सरकारी खातं त्या वगळलेल्या यादीत नाही. म्हणजे मालकाच्या नजरेतून बघा, बँकेला जागा दिली तर कायदा भाडेकरूला चिकटून बसू देत नाही, सरकारी खात्याला दिली तर ती खात्री नाही. म्हणून तो लीव्ह अँड लायसन्सच मागतो, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी, पाच वर्षांचं, साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्कही पाव टक्काच लागतं, आणि मुदत संपली की बाहेर.

पाच वर्षं म्हणजे खूप वाटतात. पहिले काही महिने इंटिरियरमध्ये जातात, मग ऑफिस सुरू होतं, साहेब बदलतात, परत बदलतात, आणि करार संपायला दोन-तीन महिने राहिले की कोणालातरी आठवतं. तेव्हा नवीन टेंडर अशक्य, म्हणून मुदतवाढ. मुदतवाढीला परत मान्यता लागते आणि ती येईपर्यंत ऑफिस कराराशिवाय चालू. करार नाही म्हणून बिल पास होत नाही. बिल नाही म्हणून मालक चिडलेला, लिफ्टची दुरुस्ती करत नाही. लोकांना जी बंद लिफ्ट दिसते तिच्यामागे हे सगळं असतं.

आणि पैसे. राज्याच्या बजेटमध्ये यासाठी उद्दिष्ट शीर्षच, म्हणजे खर्चाचं खातंच वेगळं आहे, 'भाडेपट्टी व कर'. नवीन आर्थिक वर्षात अनुदान खाली येईपर्यंत एप्रिल, मे, कधी जूनही जातो, आणि मार्चमध्ये मात्र धावपळ. खासगी कंपनी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला भाडं भरते. सरकारी ऑफिस काही महिन्यांचं एकदम भरतं. डिपॉझिट तर बहुतेक सरकारी टेंडरमध्ये देणार नाही असंच लिहिलेलं असतं. मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, तो हा सगळा धोका भाड्यात चढवून ठेवतो किंवा सरळ येतच नाही. मी आत्तापर्यंत ज्या ज्या मालकांशी बोललेय त्यातल्या बहुतेकांनी मला हेच सांगितलंय की मॅडम दोन रुपये कमी द्या पण वेळेवर द्या.

मला खरंच कळकळीने सांगायचंय की भाड्याचा दर ही या व्यवहारातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्या समित्या सगळी ताकद त्या एका आकड्यावर खर्च करतात. पण कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा किती आणि बिल किती फुटांचं हे बघितलं का? मुंबईत हजार फूट कार्पेटचे कागदावर सहज सोळाशे होतात, ब्रोकर त्या सोळाशेवर रेट सांगतो, आणि प्रति फूट स्वस्त वाटणारी बिल्डिंग प्रत्यक्षात महाग पडते. म्हणून टेंडर कार्पेटवरच काढायचं, आणि मोजणी दोघांनी मिळून करायची. कॅम चार्जेस, म्हणजे लिफ्ट, जिने अशा सामायिक जागांच्या देखभालीचा खर्च, वेगळे आहेत का, १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, एसी संध्याकाळी सहानंतर चालू राहतो का, मंजूर वीजभार तुमच्या सर्व्हरला पुरेल का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, फायरचं एनओसी आहे का. पहिल्या वर्षी वाचवलेले चार रुपये एका नवीन केबलमध्ये निघून जातात.

आता मला जे सगळ्यात जास्त टोचतं ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीला स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी उचलून वर न्यावं लागलं, कारण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तिने ते सोशल मीडियावर लिहिलं तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली. सगळे तिथल्या कर्मचाऱ्यांवर तुटून पडले की खाली का नाही आले. ते बरोबरच आहे. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न आहे, रोज जनता येणारं ऑफिस लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर ठेवायचं हे कोणत्या कागदावर मंजूर झालं असेल? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे लोक वापरतात ती, सरकारी असो वा खासगी. नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती, ती २०२२ लाच संपली. म्हणजे लिफ्ट आणि रॅम्प ही काही मालकाकडे मागायची मेहेरबानी नव्हे, टेंडरमधली पहिली अट असायला हवी, जी पूर्ण नाही त्याचा आर्थिक लिफाफा उघडायचाच नाही. मी ज्या टेंडरवर काम करते त्यात ही अट घालायला लावते आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं की मग ऑफर कमी येतील. येऊ देत कमी! ज्या ऑफिसात म्हातारा माणूस पोचू शकत नाही ते स्वस्त कसं असेल, मला कळत नाही.

पत्ता बदलला तरी भुर्दंड लोकांनाच. एमपीएससीचं बघा, ज्या मुलांनी वर्षानुवर्षं फॉर्म भरलेत त्यांना कूपरेजची टेलिफोन निगमची इमारत पाठ होती, आता आयोग बेलापूरला त्रिशूल गोल्ड फील्डमध्ये आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ सायनला कल्पतरू पॉइंटमध्ये, वीज नियामक आयोग कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारं महारेरा बीकेसीत. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि विभाग विखुरले, आजही काही शासन निर्णयांवर 'गो. ते. रुग्णालय संकुल इमारत' असा पत्ता छापलेला असतो, मंत्रालयाचा विभाग हॉस्पिटलच्या आवारात. बाहेरगावाहून एसटीने आलेल्या माणसाला एका कामासाठी दोन ठिकाणी जायचं असेल तर त्याचा अख्खा दिवस यात जातो.

मग सगळं स्वतःचं बांधा असं लोक म्हणतात. दिल्लीत ते चालू आहे. ६ ऑगस्ट २०२५ ला केंद्राच्या मंत्रालयांसाठी बांधलेल्या पहिल्या कर्तव्य भवनाचं उद्घाटन झालं तेव्हा पंतप्रधानांनीच सांगितलं की दिल्लीत मंत्रालयांच्या भाड्यापोटी वर्षाला १५०० कोटी जातात. आपल्याकडे राज्याने नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग १६०१ कोटींना घेतली, केंद्राची परवानगी मार्च २०२४ मध्ये आली, शिवाय राज्याने आपले २९८ कोटींचे येणे सोडले. २३ मजले, साधारण साडेशेहेचाळीस हजार चौरस मीटर. मंत्रालयाच्या जवळ एवढी जागा परत मिळणार नव्हती, माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, आणि खरं तर एअर इंडियाचं मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं तेव्हाच व्हायला हवा होता. पण सगळं विकत घेऊन चालत नाही. एखादा आयोग चार वर्षांसाठी असतो, एखाद्या प्राधिकरणाचा स्टाफ दुप्पट होतो, तालुक्याला नोंदणी कार्यालय वस्तीबरोबर सरकायला लागतं. कायमचं काम स्वतःच्या इमारतीत, बदलतं काम भाड्याच्या. म्हणजे भाड्याने घेण्याचं काम राहणारच आहे, तर ते नीट शिकूया ना.

अमेरिकेत १९४९ पासून जीएसए ही एकच संस्था संघराज्याच्या बहुतेक ऑफिसांसाठी जागा घेते. ब्रिटनने २०१८ मध्ये सरकारी मालमत्तेसाठी वेगळी एजन्सी काढली. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पण निदान कोणता करार कधी संपतोय हे एका ठिकाणी दिसतं. आपल्याकडे प्रत्येक महामंडळ पहिल्यांदाच जागा घेत असल्यासारखं सुरू करतं. तिथला एखादा प्रशासन अधिकारी, ज्याचं रोजचं काम आस्थापना आणि रजा, त्याच्या गळ्यात हे पडतं, समोर मालकाच्या बाजूने वकील आणि ब्रोकर कंपनीची टीम. तो बिचारा धोका घेत नाही, प्रत्येक गोष्ट वर पाठवतो. त्याला मी अजिबात दोष देणार नाही, उद्या ऑडिटचा आक्षेप आला तर उत्तर त्यालाच द्यायचंय.

म्हणून माझी मागणी नवीन महामंडळाची नाहीये. प्रत्येक जागेच्या प्रोजेक्टला नावानिशी एक प्रमुख द्या, गरज लिहिण्यापासून ताबा घेईपर्यंत आणि जुनी जागा परत देईपर्यंत तोच, मधे बदली नाही. त्याला बांधकाम, वित्त आणि विधी या तिघांना एका टेबलावर बसवायचा अधिकार द्या, म्हणजे फाइल फिरण्याऐवजी माणसं बसतील. करार संपायच्या दोन वर्षं आधी काम सुरू झालंच पाहिजे असा नियम करा. आणि भाड्याची वर्षभराची तरतूद एप्रिललाच खाली सोडा, पगाराची सोडता तशी. एवढं केलं तर दोन-तीन वर्षांत चांगले मालक सरकारच्या टेंडरला यायला लागतील, मला याची खात्री आहे, कारण सरकार बुडत नाही आणि पळून जात नाही, यापेक्षा चांगला भाडेकरू मालकाला कुठे मिळणार.

एअर इंडिया बिल्डिंगमध्ये कोणता विभाग कोणत्या मजल्यावर यावर आता खेचाखेच होईल, समुद्र दिसणारे वरचे मजले सगळ्यांनाच हवे असतील. ते कोणालाही द्या. पण तळमजला आणि त्यावरचे दोन मजले लोकांचे ठेवा, तिथे सगळ्या विभागांच्या खिडक्या, बसायला जागा, पाणी, स्वच्छ टॉयलेट, रॅम्प. आणि जे विभाग तिथे जातील त्यांनी आपापले भाड्याचे करार कधी संपतात, नोटीस किती महिन्यांची, लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येत नाही ती मुदत, उरलाय का, हे आजच काढून ठेवा, नाहीतर नव्या इमारतीत बसून जुन्या रिकाम्या जागेचं भाडं आपणच भरत राहू. या कामात असलेल्या कोणाला लायसन्सच्या तारखांचा साधा तक्ता कसा करायचा ते हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, माझा नमुना देते.