ऑस्करच्या ‘यादीत’ म्हणजे नेमकं कुठल्या यादीत?

‘अमुक मराठी सिनेमा ऑस्करच्या शर्यतीत’ अशी बातमी आली की नागपुरात बर्डीपासून धरमपेठेपर्यंतचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप अभिनंदनानं भरून जातात. भरू द्या. पण बाप्पा, ती यादी कोणती ते तरी आधी पाहा!

२०२२ च्या सिनेमांची अकॅडमीनं, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेनं, जी यादी काढली, तिच्यात ३०१ नावं होती. ‘मी वसंतराव’ त्यात होता. ही यादी म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला हजेरीपट. त्यात यायला कुणाची पसंती लागत नाही, थिएटर लागतं. सिनेमा ४० मिनिटांहून मोठा हवा. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, शिकागो, अटलांटा, डॅलस-फोर्ट वर्थ यांपैकी एका ठिकाणी तो सलग ७ दिवस तिकीट लावून चालवायचा. रोज किमान ३ शो, त्यातला एक संध्याकाळी ६ ते १० च्या दरम्यान सुरू होणारा. मग फॉर्म भरायचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटासाठी २०२४ पासून अट वाढली आहे: अमेरिकेतल्या पहिल्या ५० बाजारांपैकी १० ठिकाणी आणखी ७ दिवस. खिसा खोल असेल तर हजेरी लागते. नामांकन ही पुढची, वेगळीच गोष्ट.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या गटात भारताची अधिकृत एन्ट्री हा दुसरा रस्ता. तिथे अमेरिकेत रिलीज लागत नाही. फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती देशातून एकच सिनेमा पाठवते. निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीखेरीज भाषेत हवेत, इंग्रजी सबटायटल हवीत, आणि ठरलेल्या मुदतीत व्यावसायिक थिएटरात सलग ७ दिवस सिनेमा चाललेला हवा. मराठीचं घोडं इथेच अडतं. शुक्रवारी लागलेला सिनेमा मंगळवारी उतरवला, तर तो आठवडा मोजत नाहीत. म्हणून एक तरी थिएटर गुरुवारपर्यंत पक्कं करा, जाहिरातीची कात्रणं आणि रोजचे डीसीआर (थिएटरच्या रोजच्या कमाईचे अहवाल) फाइलला लावून ठेवा. थिएटरआधी ओटीटीवर आला तर विषयच संपला. फेस्टिव्हलमध्ये दाखवलेला मात्र चालतो.

‘कोर्ट’ बघा, ज्यात आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. व्हेनिस फेस्टिव्हलला तो दाखवला गेला सप्टेंबर २०१४ मध्ये. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला मार्च २०१५ मध्ये. थिएटरात लागला त्यानंतर, १७ एप्रिलला! उलटं वाटतं, पण राष्ट्रीय पुरस्कारात मोजतात ती सेन्सॉर सर्टिफिकेटची तारीख, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. ऑस्करला रिलीजची तारीख मोजतात, म्हणून एप्रिलचा रिलीज धरून त्याच वर्षी तो भारताची एन्ट्री झाला. डिसेंबरात सेन्सॉरला दिलेला सिनेमा जानेवारीत पास झाला, की राष्ट्रीय पुरस्कारासाठी एक वर्ष पुढे गेला. निर्माते इथे हमखास फसतात.

एन्ट्रीनंतर १५ सिनेमांची शॉर्टलिस्ट, तिच्यातून ५ नामांकनं. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ या तिन्ही मराठी एन्ट्री त्या पाचात पोचल्या नाहीत. ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’, ‘लगान’ पोचले. आणि ‘आरआरआर’मधल्या ‘नाटू नाटू’ गाण्याचं ऑस्कर? तो सिनेमा आपली एन्ट्री नव्हताच. तो पहिल्या रस्त्यानं गेला.

शॉर्टफिल्मवाल्या पोरांनी मात्र नीट ऐकावं. श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांच्या आत. थिएटरचा खर्च झेपत नसेल, तर अकॅडमीच्या यादीतल्या फेस्टिव्हलमध्ये पुरस्कार घ्या. बंगळुरूचा शॉर्टफिल्म फेस्टिव्हल त्या यादीत आहे. नुसती ‘निवड झाली’ म्हणून पोस्टर फिरवून काही होत नाही, नेमून दिलेला पुरस्कारच जिंकावा लागतो. आणि पात्र ठरण्याआधी यूट्यूबवर टाकली, की शर्यत तिथंच संपली. मित्रांना दाखवायचीच असेल तर पासवर्ड लावून लिंक पाठवा.