‘कोपऱ्यातल्या पुतळ्या’बद्दल तुम्हाला उत्तर

नमस्कार. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारलेले कोल्हापूरचे राजे राजाराम महाराज (दुसरे) यांच्या तिथल्या छत्रीवरचा, म्हणजे स्मारकावरचा, माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : “कोल्हापूरचं कौतुक पुरे. उफिझीला दोन ओळी आणि कोपऱ्यातल्या पुतळ्याला अख्खा लेख. जायला अर्धा दिवस मोडतो, फोटोही दोनच.”

फोटो कमी आहेत, मान्य. आणखी टाकते. अर्ध्या दिवसाचं म्हणाल, तर ही छत्री ज्या काशिने बागेत आहे ती आर्नो नदीच्या काठाकाठाने चालण्यासारखी आहे, ज्याला घाई असेल त्याने जाऊ नये.

पण “कौतुक पुरे” ही काय बोलण्याची रीत झाली? मी कोल्हापुरात वाढले. न्यू पॅलेसवरून रोज शाळेत जायचे. तो आखणाऱ्या चार्ल्स मँट यांनीच ही छत्रीही आखली, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी ते शोधून काढलं. याला तुम्ही गावाचा अभिमान म्हणून निकालात काढता?

आणि मी कौतुक केलंय ते फ्लॉरेन्सचं. नीट वाचा. 1870 साली ते इटलीच्या राजधानीचं शहर होतं. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबरला महाराज तिथे वारले, वय अवघं वीस. सोबतच्या मंडळींना दहन करायचं होतं, तेही दोन नद्यांच्या संगमावर. कॅथलिक मुलूख, पुरण्याचीच रीत. तरी परवानगी मिळाली आणि आर्नो-मुन्योनेच्या संगमावर चिता पेटली. इटलीतल्याच मिलानच्या दहनगृहातलं पहिलं दहन त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळाने, 1876 च्या जानेवारीत झालं. परक्या धर्माच्या माणसाला शेवटचा संस्कार त्याच्या पद्धतीने करू देणारं शहर मला उफिझी संग्रहालयातल्या चित्रांइतकंच पाहण्यासारखं वाटतं.

तिथेच 1874 साली छत्री उभी राहिली. खाली चार्ल्स फुलर यांनी घडवलेला रंगीत अर्धपुतळा, डोक्यावर पागोटं, गळ्यात दागिने. जवळच्या मोठ्या पुलालाही फ्लॉरेन्सकरांनी नाव दिलंय ‘पोंते अल्लिंदियानो’, म्हणजे त्या भारतीय माणसाचा पूल. इटालियन लोकांना हा माणूस लक्षात ठेवावासा वाटला. मग मराठी वाचकाला त्याच्यावर एक लेख जड का व्हावा?

तुम्ही तिथे गेला होतात की नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. न जाता लिहिलं असेल, तर निदान ‘कोपऱ्यातला पुतळा’ म्हणू नका. उफिझीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, ते जरूर वाचा. माझ्या लेखात त्याला दोनच ओळी राहतील.