सैतान, चौरस्ता आणि कोपाया काउंटी

‘ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने क्लार्क्सडेलच्या चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारचं कसब मिळवलं’ ही पोस्ट पुन्हा फिरतेय. (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत; क्लार्क्सडेल हे तिथल्या मिसिसिपी राज्यातलं गाव.) गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

आत्मा विकल्याची कथा मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाची, तीही त्याच्या भावाने सांगितलेली. आडनाव एकच, नातं काही नाही. गंमत म्हणजे दोघांचंही नातं मिसिसिपीतल्या एकाच ग्रामीण काउंटीशी (म्हणजे जिल्ह्याशी), कोपायाशी. रॉबर्ट हेझलहर्स्टला जन्मला, टॉमी क्रिस्टल स्प्रिंग्जमध्ये वाढला. क्लार्क्सडेल तिथून बरंच उत्तरेला.

मग रॉबर्ट एवढा तयार कसा झाला? सन हाउससारख्या जाणत्या गायकांनी आधी त्याची टरच उडवली होती. तो परत कोपायात गेला आणि आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे शिकला. दोघं रात्री कब्रस्तानात बसून रियाज करत, तिथे कटकट करायला कोण येणार! बाकी सगळी मेहनत.

त्याचं ‘क्रॉस रोड ब्लूज’ (१९३६) नीट ऐका. त्यात सैतान नाहीच. गुडघे टेकून देवाची करुणा भाकणारा, गाडी थांबेना म्हणून हवालदिल झालेला वाटसरू आहे.