पन्नास मीटर आणि पाच ग्रॅम

२०२५मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायला सांगितलं आणि समोशावर सिगारेटसारखा इशारा येणार, अशी आवई उठली. खुलासा झाला, तरी वडापावच्या अस्मितेचं भांडण चालूच. इंग्लंडात बसून ते वाचताना चीड येते. शाळकरी मुलांचा प्रश्न वड्याचा नाहीच, टपरीवर टांगलेल्या पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळेचा आहे.

नियम आपल्याकडेही आहेत. शाळेच्या कॅन्टीनमध्ये जंक फूड नको, असा महाराष्ट्राचा २०१७चा आदेश आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२०च्या नियमांत शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अशा खाण्याच्या विक्रीला बंदी आहे. अंतर टेपने मोजता येतं, पण कॅन्टीनमध्ये पुडाच का जिंकतो? उपम्याला सकाळी माणूस लागतो, उरला तर फेकावा लागतो. पुडा महिनोन्‌महिने टिकतो, आणि छोट्या सुट्टीत शंभर पोरांच्या हातात तोच झटपट देता येतो. कॅन्टीनचं भाडं कमी करा, आदल्या दिवशी कूपन विका, म्हणजे किती ताटल्या लागणार ते कळेल. एवढं न करता छापा घालून काय होणार?

आमच्याकडे २०१५पासून शाळेच्या जेवणात तळलेलं आठवड्यातून दोनदाच, फळांचा रस १५० मिलीपर्यंत, चॉकलेट बंद, पाणी फुकट. २०१८मध्ये शीतपेयांवर कर आला: १०० मिलीत ५ ग्रॅम साखर झाली की लिटरमागे तेव्हा १८ पेन्स, ८ ग्रॅमपासून २४. बऱ्याच कंपन्यांनी मुकाट्याने साखर पाचाच्या खाली आणली. भारतात शीतपेयांवर आता ४० टक्के जीएसटी आहे, पण साखर असो वा नसो, दर तोच. मग ती कमी कोण करेल?

आता खरं सांगायचं तर इथले नियम घरच्या डब्याला लागत नाहीत. त्यात रोज क्रिस्प्स, म्हणजे बटाट्याचे वेफर्स असतात. सव्वातीनला शाळा सुटली की सगळा गणवेश तळलेल्या कोंबडीच्या चिकन शॉपमध्ये. ते सोयीस्करपणे मागे ठेवलं. आणि वर 'आमच्याकडे' म्हणजे इंग्लंड, 'आपल्याकडे' म्हणजे महाराष्ट्र, असं लिहून गेलो आहे. खोडावं कुठलं, ते ठरत नाही.

शाळेबाहेरच्या टोपलीतल्या तिखट-मीठ लावलेल्या चिंचेला मात्र कुणी हात लावू नये. इथल्या देशी दुकानात ती डबीत मिळते, साखरेत घोळवलेली.