मर्यादेच्या आतले पाणी

निपाणीतील आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो अण्णांच्या बोअरच्या पाण्याच्या अहवालावरून. नायट्रेट, म्हणजे खतांतून पाण्यात उतरणारा नत्राचा क्षार, ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या भारतीय मर्यादेपेक्षा थोडेच कमी निघाले होते, आणि तेवढ्यावर अण्णांनी विषय मिटवला.

तात्यांना ते पटेना. "ती मर्यादा तान्ह्या बाळांच्या रक्तातील प्राणवायू कमी पडू नये म्हणून ठरली आहे, वीस-तीस वर्षे तेच पाणी पिणाऱ्यांच्या कर्करोगाचा विचार तिच्यात नाही," असे त्यांनी सुनावले. अमेरिकेतील आयोवा राज्यातील वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात (२०१६) तिथल्या मर्यादेच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे २२ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असलेले नळाचे पाणी चार किंवा अधिक वर्षे पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दीडपटीहून जास्त आढळले होते. अण्णांचा आकडा त्याहून बराच वर होता.

"मग मेथी-पालकही सोडू काय? त्यांत तर ढीगभर नायट्रेट असते," अण्णा उसळले. त्यावर फार्मसी शिकणारा त्यांचा भाचा म्हणाला, "मामा, त्याच अभ्यासात आहारातल्या नायट्रेटचा असा संबंध दिसला नाही." लाळेतील जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, पोटात त्यापासून कर्करोगाला कारण ठरू शकणारी नायट्रोसो संयुगे बनू शकतात, आणि भाजीतले क जीवनसत्त्व ही क्रिया रोखते, हे त्याने नीट उलगडून सांगितले. शरीरात अशी संयुगे बनण्याजोगी स्थिती असेल तेव्हा पोटात जाणाऱ्या नायट्रेटला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले आहे.

एका अभ्यासावरून निकाल देऊ नये, हे अण्णांचे म्हणणे रास्त आहे; सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे, आणि तंबाखूवर वाढलेल्या आमच्या गावात विडी ओढतच हा वाद चालावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या अभ्यासात पाण्याशी असलेला संबंध विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत अधिक ठळक होता.

वहिनी रोज पाणी उकळतात; पण उकळल्याने वाफ जाते, नायट्रेट मात्र भांड्यातच राहून अधिक दाट होते. तेव्हा पिण्यासाठी आरओचे पाणी घ्यायचे आणि पावसाळ्यानंतर नमुना पुन्हा तपासायचा, एवढे अण्णांनी मान्य केले. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असते, आणि उसाने न उचललेले नत्र नायट्रेट होऊन पाटाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते. तरी उसाला भरणीच्या, म्हणजे मातीची भर देण्याच्या वेळी घालायच्या युरियाची मात्रा कमी करायला अण्णा अजून तयार नाहीत.