तोळ्याला सव्वापाचशे

सोनेरी केक मी करते, असं मीच म्हणाले होते. शब्द तोंडातून गेला तेव्हा सगळे जेवायला बसले होते, त्यामुळे साक्षीदारही भरपूर. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला मेच्या अखेरीस पन्नास वर्षं होत होती. लग्न १९७५चं. "लग्न झालं आणि महिन्याच्या आत आणीबाणी लागली," हा बाबांचा विनोद आई तेव्हापासून ऐकतायत, आणि दरवेळी आमटीच्या पातेल्यावर पळी जरा जास्तच जोरात आपटतात. तर सुवर्णमहोत्सव, म्हणून केक सोनेरी. दोन मजली. फॉन्डंटचा. "बाहेरून आणूया ना," नवरा हळूच म्हणाला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

फॉन्डंट म्हणजे पिठीसाखर, लिक्विड ग्लुकोज आणि ग्लिसरीन घालून मळलेली कणीकच. पोळीसारखी लाटायची आणि केकवर पांघरून चापूनचोपून बसवायची. इथवर मला भीती नव्हती. पोळ्या लाटण्यात वीस वर्षं गेलीयत. खरं रामायण त्यावर लावायच्या चकाकत्या भुकटीचं. केकवाले तिला लस्टर डस्ट म्हणतात.

दुकानदाराने आधी जी स्वस्तातली डबी पुढे केली तिच्यावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलं होतं. "पोटात गेलं तरी काही होत नाही ताई." डबी उलटी केली तर खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 'फक्त सजावटीसाठी'. २०१८ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये अशाच न खायच्या गुलाबी-सोनेरी भुकटीचा वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या झाल्या होत्या. भुकटीत तांबं निघालं. आमच्या पाहुण्यांचं सरासरी वय बहात्तर. मी मुकाट्याने महागातली, खायची डबी घेतली. बोटाच्या पेराएवढी. चार ग्रॅम, दोनशे दहा रुपये.

बाबा आयुष्यभर बँकेत सोनेतारणाच्या खिडकीमागे बसले. त्यांनी डबी तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज घेतला, डोळे मिटले आणि तोंडी हिशोब केला.

"तोळ्याला सव्वापाचशे. आमच्या लग्नात खरं सोनं साधारण याच भावाने घेतलं होतं." मग डोळ्याला भिंग लावून म्हणाले, "हॉलमार्क कुठाय?"

मी हिरवा ठिपका दाखवला, अन्नसुरक्षावाल्यांचा १४ आकडी परवाना क्रमांक दाखवला. त्यांनी चौदाच्या चौदा आकडे मोजले.

"पण आहे काय त्यात?" आईंनी विचारलं.

"अभ्रक. त्यावर रंगाचा पातळ थर."

"अभ्रक होय! मग चालेल. आमचे वैद्य खोकल्यावर अभ्रक भस्म द्यायचे."

भस्म वेगळं आणि हे वेगळं, पण जो गैरसमज आपल्या पथ्यावर पडतो तो दूर करायची घाई मी करत नाही.

पहिला प्रयत्न कोरडा. मऊ ब्रश भुकटीत बुडवायचा, झटकायचा आणि केकवर गोल गोल फिरवायचा. व्हिडिओतल्या बाईने हे चाळीस सेकंदांत केलं, तेही पांढरा कुर्ता घालून. माझ्याकडे काय झालं सांगते. फॉन्डंट लाटताना जिथे जास्त कॉर्नफ्लोर लागलं होतं, तिथे भुकटी बसेचना. आणि जिथे माझी घामट बोटं टेकली होती, तिथे इतकी बसली की पाचही बोटांचे ठसे सोन्यात उठले, आधार केंद्रावर कधी इतके स्वच्छ आले नव्हते. शिवाय फॉन्डंट पांढरं. पांढऱ्यावर हा सोनेरी रंग मारला की सोनं दिसत नाही, शिळं पिठलं दिसतं.

केकच्या क्लासच्या मॅडमना फोन लावला. "खालचा थर पिवळसर तपकिरी हवा. आणि भुकटी व्होडकात कालवून रंगवा."

"पाण्यात नाही चालणार?"

"पाण्याने साखर विरघळते. केक रडायला लागेल."

केकच्या आधी मी लागले असते. पण मुद्दा बरोबर होता. व्होडकातलं मद्य झटकन उडून जातं, फॉन्डंटला चिकटपणा यायच्या आत. मागे राहते ती नुसती भुकटी. आता हे शास्त्र एकादशी करणाऱ्या सासूबाईंना सांगायचं होतं. सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बाबाच म्हणाले, "उडूनच जाते, तर लोक एवढे पैसे कशाला घालतात?"

नवऱ्याला पिटाळलं. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याने दारू घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो, आणि कागदोपत्री तो प्रकृती राखण्यासाठी देतात. इथे प्रकृती केकची होती, पण हे दुकानात कोणाला सांगणार? वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत क्वार्टर घेऊन तो जिना चढत होता आणि समोरचे काका उतरत होते. "केकसाठी आहे," हा तिथे म्हणाला. न विचारता. आता काका भेटले की मला म्हणतात, "मग, केक कसा चाललाय?" आणि आवाजात अशी काही माया असते की मला रडू येईल.

रात्री पुन्हा फॉन्डंट मळलं, पिवळं आणि कणभर तपकिरी घालून. वाटीत चिमूटभर भुकटी, ड्रॉपरने थेंब थेंब व्होडका, नेलपॉलिशइतपत दाट. ब्रश एकाच दिशेने. पहिला हात मारल्यावर सगळे पट्टे पट्टे दिसतात, तेव्हा धीर सोडायचा नाही. वाळू द्यायचं, मग दुसरा हात. तेवढ्यात वाटीतली व्होडका उडालेली असते आणि तळाला सोन्याची खपली धरते. पुन्हा दोन थेंब. पुन्हा ब्रश. रात्री साडेबाराला स्वयंपाकघराला बारचा वास येत होता आणि मी ताठ बसून, श्वास रोखून, खालच्या मजल्याची कड रंगवत होते. दुसरा हात वाळला आणि दिव्याखाली ती कड एकदम झळाळली. त्या क्षणी मी स्वतःला पेशव्यांची सोनार समजले, हे इथे कबूल करते.

केक फ्रिजमध्ये ठेवायची सोय नव्हती. बाहेर काढला की फॉन्डंटला घाम फुटतो आणि सोन्यावर थेंब ओघळतात. त्यात पाऊस २६ मेलाच येऊन बसलेला, डोंबिवलीची हवा पिळून घ्यावी अशी. म्हणून केक एसीच्या खोलीत, ड्रेसिंग टेबलवर. राखणीला नवरा स्वखुशीने आत झोपला. आम्ही बाकीचे बाहेर.

सकाळी उठले तर लाईट गेलेली. वरच्या मजल्यावर कोरड्या भुकटीचा शेवटचा हात फिरवायचा होता. खोलीत गेले, पंखा बंद दिसला, म्हटलं बरंय. डबीचं झाकण काढलं, सोय म्हणून उरलेली सगळी भुकटी बशीत ओतली. बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे, आई त्यांच्या मागून डोकावत होत्या, नवरा दात घासत.

पंखा बंद नव्हता. रात्रभर पाचवर होता, फक्त लाईट नव्हती.

लाईट आली.

आवाज काहीच झाला नाही, याचंच मला नवल वाटतं. एक सोनेरी ढग उठला, खोलीभर सावकाश फिरला आणि ज्याच्या त्याच्यावर समान वाटप करून खाली बसला. बाबांचं टक्कल, नवऱ्याचा टूथब्रश, पडदे, चहा. बाबांनी कपात बघितलं, घोट घेतला आणि म्हणाले, "चवीत फरक नाही." खोटं कशाला सांगू, केकच्या वरच्या मजल्यावर जो एकसारखा मुलामा बसला, तो माझ्या हाताने सात जन्मांत बसला नसता.

संध्याकाळी हॉलवर केकचं कौतुक झालंच, पण आईंचं जास्त झालं. "वहिनी, काय तेज आलंय चेहऱ्यावर! लावता काय?" आत्याबाईंनी विचारलं. दोनदा तोंड धुऊनही न गेलेलं ते तेज पदराने टिपत आई म्हणाल्या, "काही नाही हो, सून बघते सगळं."

केक कापला, वाटला. आणि लोकांनी फॉन्डंट ज्या सफाईने सोलून बाजूला काढलं, त्या सफाईने मी ते चढवलंही नव्हतं. "फार गोड आहे गं," "डायबेटिस आहे गं," "दाताला चिकटतं गं." आतला स्पंज सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. दोन रात्रींचं माझं काम साठ बशांच्या कडेला घड्या घालून पडलं होतं.

बाबा बशा गोळा करायला उठले. एक बशी दिव्याखाली धरून त्यांनी भिंगाशिवायच निरखली आणि माझ्या कानाशी येऊन, खिडकीमागच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "केक घेऊन गेले, सोनं तारण ठेवून गेले. पावती कोणी मागितली नाही ना?"